गोळी घ्यावी की इंजेक्शन?

आज दिवसभर हाच प्रश्न कानावर पडत होता. सेमाग्लुटाइड हे वजन कमी करण्याचं औषध दोन्हींत तेच, पण गोळीतलं जेमतेम एक टक्का रक्तात पोहोचतं. म्हणून गोळी रोज २५ मिलिग्रॅमपर्यंत लागते, इंजेक्शन आठवड्याला सहसा २.४ मिलिग्रॅमपर्यंत.

गोळी उठल्याबरोबर, अनशापोटी, फार तर १२० मिली साध्या पाण्यासोबत अख्खी गिळायची. पुढचा अर्धा तास खाणं, चहा-कॉफी, इतर औषधं, काहीच नको. बहुतेकांचं इथेच चुकतं: वर पेलाभर पाणी पितात, शोषण घटतं आणि मग गोळीलाच दोष!

इंजेक्शनला जेवणाची अट नाही. इंजेक्शनचं पेन गोठलं तर मात्र टाकून द्यायचं. मळमळ दोन्हींत होते, डोस घाईने वाढवला की जास्तच. सुईची भीती नसेल, तर मला इंजेक्शनच निभावायला सोपं वाटतं.