अवेळचा फोन

आमच्या घरात अवेळी वाजणाऱ्या फोनचा एकच अर्थ असतो. २ मे २०११ ला सोमवारी सकाळी मी अमेरिकेतल्या जर्सी सिटीहून धुळ्याजवळच्या आमच्या गावी फोन लावला, तेव्हा मायने हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

"कोन गया वं?"

माझ्याकडे मध्यरात्र उलटली होती, तिच्याकडे साडेनऊ वाजले होते. गच्चीवर कुरडयांचा शेवटचा घाणा चालला होता. मायचे दोन्ही हात चिकाने भरलेले, म्हणून शेजारच्या पोरीने मोबाइल तिच्या कानाला धरला होता. शनिवारी रात्री कॉलिंग कार्डावरून फोन, हा आमचा ठरलेला नेम. तो मोडला म्हणजे घरातलं कोणीतरी गेलंच, असं तिने मनाशी धरलं.

"आपल्यातलं कोणी नाही गं माय. लादेन मेला."

"कोन लादेन?" पलीकडे कावळे हाकलल्याचा आवाज. मग तिला आठवलं. "तो इमानवाला?"

"हो, विमानवाला."

"मंग तू काबरं जागी शे?"

याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. रात्री अकरा पस्तीसला ओबामा टीव्हीवर आले होते. पाकिस्तानातल्या अबोटाबादमध्ये एका छोट्या अमेरिकन पथकाने ओसामा बिन लादेनला मारलं, एवढं त्यांनी सांगितलं आणि आमच्या इमारतीत कुणीतरी खिडकी उघडून ओरडलं. खाली गाड्यांचे भोंगे सुरू झाले. मला एकदम २ एप्रिल आठवला. बरोबर महिन्यापूर्वी धोनीने तो षटकार मारला, तेव्हा गावात ट्रॅक्टरवर पोरं नाचली होती आणि मी इथे लॅपटॉपसमोर बसून रडले होते. आवाज तोच होता, अगदी तोच.

माझी रूममेट हैदराबादची. तिला म्हटलं, चल, बघून येऊ. ती म्हणाली, "तू जा. मी ओढणी घेऊन त्या गर्दीत नाही येत." मी हसले, पण दार ओढताना माझा अंगठा कपाळावरच्या टिकलीपर्यंत जाऊन आला. याच जर्सी सिटीत १९८७ च्या सुमारास एक टोळी होती. ती टिकलीच्या नावानेच ओळखली जायची आणि भारतीयांना गाठून मारायची. शिवाय ११ सप्टेंबर २००१ नंतर चारच दिवसांनी ॲरिझोनात बलबीरसिंग सोधींना त्यांच्या पेट्रोल पंपावर गोळ्या घातल्या होत्या, तेही केवळ पगडी आणि दाढी बघून. टिकली मी काढली नाही. शूरपणा म्हणून नाही, ती निघाली तर पुन्हा नीट चिकटत नाही.

आमच्या एक्स्चेंज प्लेस स्टेशनहून नदीखालून एक स्टेशन गेलं की वर्ल्ड ट्रेड सेंटर. नऊ वर्षं आणि सात महिन्यांपूर्वी न्यूयॉर्कमध्ये २,७५३ माणसं जिथे मेली ती ही जागा. नवा टॉवर तेव्हा अर्धवट उभा होता. चर्च स्ट्रीटवर पोचले तर आमच्या एकवीरा देवीच्या यात्रेसारखी गर्दी. विजेच्या खांबांवर पोरं चढलेली. कुणी शँपेन उडवतंय, कुणी राष्ट्रगीत म्हणतंय आणि मध्येच "यू-एस-ए, यू-एस-ए". यात्रेसारखे फेरीवालेही आलेच होते. रात्री दीड वाजता एक माणूस पाच डॉलरला झेंडा विकत होता. त्याने एवढ्या लवकर माल आणला कुठून, हे मला अजून कळलेलं नाही. मला वाटतं, धंदेवाल्यांना बातमी ओबामांच्या आधी कळते.

पोरं वीस-एकवीसची असतील. हल्ला झाला तेव्हा ती चौथी-पाचवीत. आपल्याला लहानपणी 'झोप, नाहीतर बागुलबुवा येईल' म्हणायचे. यांच्या बागुलबुवाला नाव होतं, फोटो होता, अडीच कोटी डॉलरचं बक्षीस होतं. तो मेला, म्हणून ती ओरडत होती. खरं सांगायचं तर मीही दोनदा ओरडले. तिसऱ्या वेळी माझं लक्ष रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला गेलं. सेंट पॉल चॅपलच्या मागचं जुनं कब्रस्तान तिथे आहे. कुंपणाच्या आत तिरके झालेले दगड, बाहेर शँपेनच्या बाटल्या. मी चालत परत स्टेशनवर आले.

त्याच रात्री फिलाडेल्फियात फिलीज आणि मेट्सचा बेसबॉल सामना चालू होता. मैदानावरच्या कुणी काही जाहीर करण्याआधी लोकांच्या मोबाइलवर बातमी आली आणि नवव्या डावात दोन्ही संघांचे पाठीराखे एकाच घोषणेत ओरडायला लागले. खेळाडूंना कळेना, आपण असं काय केलं.

पुढचा आठवडा मात्र सगळा वादाचा. व्हॅटिकनने म्हटलं, माणसाच्या मरणाने ख्रिस्ती माणूस आनंदित होत नाही. ऑफिसात मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाने एक वाक्य फिरलं, की शत्रूच्याही मरणाचा मी आनंद करणार नाही. दोन दिवसांनी उघड झालं की वाक्य त्यांचं नाहीच. कारवाईत लादेनला 'जेरोनिमो' हे सांकेतिक नाव वापरलं, म्हणून मूळ अमेरिकन लोक भडकले, आणि भडकायलाच हवं होतं. त्यांच्या लढवय्या पुढाऱ्याचं नाव ते. सरकारने आधी सांगितलं लादेन लढत होता, मग सांगितलं त्याच्याजवळ हत्यार नव्हतं. जेवणाच्या टेबलावर रोज नवी फोड. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणारी बाई २००१ मध्ये त्या टॉवरमध्ये कामाला होती आणि त्या दिवशी मुलाला शाळेत सोडताना उशीर झाला म्हणून वाचली होती. ती आठवडाभर या विषयावर काहीच बोलली नाही. मंगळवारी तिने मला प्रिंटरमधला कागद संपलाय एवढंच सांगितलं. गुरुवारी ओबामा त्या जागेवर आले, तेही भाषण न करता पुष्पचक्र वाहून गेले. मला ते बरं वाटलं.

आता गावचं ऐका.

त्या सकाळी गावात लोडशेडिंग होतं. टीव्ही बंद. म्हणजे बातमी गावात पहिल्यांदा आली ती माझ्या फोनमधून. आप्पा एस.टी.तून निवृत्त झालेले; आयुष्यभर त्यांनी धुळे आगाराची गाडी चालवली, पण सरपंचाच्या आधी बातमी त्यांच्या हाती कधी लागली नव्हती. मायने सांगितलं, त्यांनी टोपी घातली आणि भर उन्हात पारावर गेले. लाइट आल्यावर लोकांनी खात्री करून घेतली आणि मग आप्पांना त्या दिवशी चहाचे पैसे द्यावे लागले नाहीत.

पारावरचा पहिला प्रश्न: बक्षीस कोणाला? अडीच कोटी डॉलर म्हणजे शंभर कोटींच्या वर, हा हिशेब गावातल्या पतपेढीच्या माणसाने काडीने मातीत करून दाखवला. सरकारी नोकराला असलं बक्षीस मिळत नाही, असं मी फोनवर सांगितलं, तेव्हा आप्पांना फार वाईट वाटलं. एस.टी.तही तसंच होतं, म्हणाले. दुसरा प्रश्न: पाकिस्तानच्या लष्करी प्रबोधिनीपासून मैलाच्या आत तो वर्षानुवर्षं राहतो आणि कुणाला पत्ता नाही? यावर एका म्हाताऱ्याने 'काखेत कळसा' म्हटलं. दुसरा म्हणाला, कळसा काखेत असतो तेव्हा काखेला ठाऊक असतंच. तिसरा प्रश्न त्या दिवशी महाराष्ट्राच्या प्रत्येक पारावर निघाला असेल: मग कसाबचं काय? उच्च न्यायालयाने फेब्रुवारीतच त्याची फाशी कायम केली होती आणि तो आर्थर रोडला होता.

बायकांच्या चौकशा वेगळ्या. लादेनचं मयत समुद्रात सोडलं हे ऐकून दोघी-तिघींनी कुरडयांवरून हात उचलले. त्या घरात फोन नव्हता, कचरा बाहेर न टाकता आवारातच जाळायचे, यावरून हेरांचा संशय वाढला, असं मी वाचून दाखवलं. आमची काकू लगेच म्हणाली, "आपन बी कचरा जायतसच." आणि त्याच्या तीन बायका एकाच घरात, बाहेर पडणं नाही. याची हळहळ मात्र खरीखुरी होती. त्या मेलेल्यापेक्षा त्या तिघींबद्दल गच्चीवर जास्त बोलणं झालं.

शनिवारी आमचा ठरलेला फोन झाला. आदल्याच दिवशी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया होती. आमच्याकडे दिवाळीपेक्षा सासुरवाशिणीला आखाजी मोठी. झोके, गौराई, खापरावरची पुरणपोळी, सांजोऱ्या. मी तिसऱ्या वर्षी गेले नव्हते. मायने आजीच्या नावाची घागर भरली, वर डांगर ठेवलं, आगारी म्हणून विस्तवावर घास टाकला, हे सगळं ओळीने सांगितलं. मग फोन आप्पांकडे दिला. आप्पांनी एक गोष्ट सांगितली. ती मी कधीच ऐकली नव्हती.

८ सप्टेंबर २००६, शब-ए-बरातचा शुक्रवार. दुपारच्या नमाजानंतर मालेगावात बडा कब्रस्तान आणि मुशावरत चौकात स्फोट झाले, तीसहून जास्त माणसं गेली. आप्पांची गाडी धुळ्याहून नाशिकला निघाली होती. झोडग्याला अडवली. गाडीत एक माणूस होता, मांडीवर ओल्या फडक्यात फुलांची चादर. बापाच्या कबरीवर घालायला मालेगावला चालला होता. बाकीचे उतारू कंडक्टरशी परतीच्या तिकिटाच्या पैशांवरून भांडत होते. हा उतरला, फुलं खांद्यावर टाकली आणि महामार्गाने मालेगावच्या दिशेने चालायला लागला. आप्पांनी हाक मारली, त्याने वळून पाहिलं नाही.

"ते कोणी केलं हे अजून नक्की ठरेना," आप्पा म्हणाले. "तुमच्याकडे बरं आहे. एकच नाव, एकच फोटो."

मी चर्च स्ट्रीटवर ओरडले होते, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. तेव्हाही नाही सांगितलं.

नंतरच्या वेळी तसं काही घडलं नाही. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये 'इसिस'चा म्होरक्या बगदादी मेल्याचं ट्रम्प यांनी सकाळी जाहीर केलं आणि संध्याकाळी ते वॉशिंग्टनला बेसबॉलची अंतिम मालिका बघायला गेले, तर प्रेक्षकांनी त्यांचीच हुर्यो केली. २०२२ मध्ये काबूलच्या घराच्या सज्जात उभ्या असलेल्या जवाहिरीला ड्रोनने मारलं. हा लादेनचा उजवा हात, ११ सप्टेंबरच्या हल्ल्याच्या कटातला. मी खिडकीतून खाली पाहिलं. एक माणूस कुत्र्याला फिरवत होता. मी घरी फोन केला नाही, आणि मायनेही पुढच्या शनिवारी विचारलं नाही.

पण मधलं २०१२ राहिलं. २१ नोव्हेंबरला सकाळी साडेसातला येरवड्यात कसाबला फाशी दिली. इथे आदल्या रात्रीचे नऊ वाजत होते. बातमी फुटली तेव्हा मी भांडी घासत होते. २६/११ ला १६६ जण गेले, त्यातले पन्नासहून जास्त एकट्या सीएसटीवर. भुसावळकडच्या गाडीची वाट बघत त्याच हॉलमध्ये आम्ही चादर अंथरून बसलोय, दशम्या खाल्ल्यात, मी मायच्या मांडीवर झोपलेय. तुकाराम ओंबळेंनी नुसत्या हातांनी बंदूक धरून ठेवली, त्या माणसाचं नाव आमच्या गावात पोराटोरांना पाठ आहे. मी हात पुसले आणि घरी फोन लावला. माय काही बोलायच्या आत मागून फटाक्यांची लड ऐकू आली. मी म्हटलं, "अजून लावा." खरंच म्हटलं. आवाज माझाच होता आणि या वेळी मध्ये कुठलं कुंपण दिसलं नाही.

आप्पा स्टँडवर गेले होते. तिथे पेढे वाटत होते. त्यांनी एक घेतला, रुमालात बांधून घरी आणला. देवापुढे ठेवायचा का, मायने विचारलं. आप्पा म्हणाले, देवापुढे कशाला? मग तू खा. मला नको, तुम्ही खा. दोघांनीही खाल्ला नाही. फ्रिजवर ठेवला. शनिवारी मी विचारलं, तर मुंग्या लागल्या म्हणून मायने तो शेळीला घातला होता.