सील न फुटलेली बाटली

वाळवंटात घाम दिसत नाही. मुंबईत मे महिन्यात शर्ट पाठीला चिकटतो, म्हणून अंगातलं पाणी चाललंय हे कळतं. जैसलमेरकडची हवा इतकी कोरडी, की घाम आल्या आल्या उडून जातो आणि हात लावला तर कातडी कोरडीच लागते. त्यात गाडीचा एसी. तो हवेतला उरलासुरला ओलावाही काढून टाकतो. आत बसलेल्या माणसाला गार वाटतं, तहान लागत नाही, पण पाणी श्वासातून आणि कातडीतून जातच राहतं. मी टुरिस्ट गाडी चालवतो. राजस्थानचं बुकिंग असलं की पहिल्याच दिवशी मी हे सगळ्यांना सांगतो. दिवाळीच्या सुट्टीतल्या त्या कुटुंबालाही सांगितलं होतं.

साहेब, ताई, दोन मुलं आणि साहेबांची आई. आजी सत्तरीच्या पुढच्या, गुडघे दुखरे, बीपीसाठी रोज सकाळी लघवीची गोळी. पुण्याहून अहमदाबाद, मग पालनपूर, सिरोही, पाली करत जोधपूर, तिथून पोखरणमार्गे जैसलमेर. इनोव्हात मधल्या रांगेत खिडकीशी आजी, म्हणजे आरशात मला कायम दिसणाऱ्या.

ट्रिपचा कागद ज्या ऑफिसातून आला होता, तिथल्या माणसाने नकाशावर बोट फिरवून तो केला असणार. जोधपूर-जैसलमेर साधारण २८० किलोमीटर. रस्ता चांगला आहे, नुसतं चालवायचं तर काहीच नाही. पण त्याच दिवसात सकाळी मेहरानगड किल्ला, वाटेत ओसियाँची देवळं, मग रामदेवऱ्याचं मंदिर. प्रत्येक ठिकाणी चढण, रांग, चपला काढणं-घालणं. आणि अंधार पडायच्या आत मुक्काम गाठायचा, हा माझा नियम. तो मी कोणासाठी मोडत नाही. त्या पट्ट्यात रात्री रस्त्यावर गाय बसलेली असते, नीलगाय उडी मारते, आणि उंट तर सगळ्यात वाईट. पाय बारीक, धड उंचावर. हेडलाइटच्या उजेडात फक्त पाय दिसतात, धडकलं तर धड थेट काचेतून आत येतं. असा अपघात मी पाहिलाय.

टायरचंही तसंच. हवा सकाळी, टायर थंड असतानाच तपासायची. दुपारी तापलेल्या टायरचं प्रेशर चार-पाच पॉइंट चढलेलं दिसतं आणि पंपावरचा पोरगा लगेच हवा सोडायला बघतो. मी त्याचा हात धरतो. हवा सोडली की टायरची बाजू जास्त वाकते, जास्त तापते, आणि टायर फुटायची भीती तिथेच असते. रेती रस्त्यावर आलेली असेल तर अचानक ब्रेक नाही, साइडपट्टीवर चाक उतरवायचं नाही. ही सगळी काळजी मी घेतो आणि त्याचा मला अभिमान आहे. गाडी माझ्या हातात असते. आत बसलेल्या माणसाच्या पोटात किती पाणी गेलं हे मात्र माझ्या हातात नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जैसलमेरहून सीमेजवळच्या तनोट मातेच्या देवळाला निघालो. अंतर सुमारे १२० किलोमीटर, मध्ये मोठं गाव म्हणजे रामगड. डिझेल मी तिथे भरतोच, कारण पुढे भरवसा नाही. रामगडनंतर दोन्ही बाजूंना खेजडीची म्हणजे शमीची तुरळक झाडं, रुईची झुडपं, रेतीचे उंचवटे. ऑक्टोबरचा शेवट असला तरी दुपारचं ऊन आपल्याकडच्या एप्रिलसारखं.

तनोटला मुलं फार रमली. १९६५ च्या युद्धात देवळाच्या आवारात पडून न फुटलेले तोफगोळे तिथे मांडून ठेवलेत. देवळाची व्यवस्था सीमा सुरक्षा दलाचे जवान बघतात. आजी दर्शन घेऊन लगेच गाडीत येऊन बसल्या. मी त्यांच्यासाठी पाणी काढायला दार उघडलं, तर आदल्या दिवशी जोधपूरहून निघताना दिलेली बाटली पायाशी तशीच होती. सील न फुटलेली. पाण्याचा बॉक्स मीच घेतो, बाटल्या मीच वाटतो, म्हणून मला लगेच कळलं.

"आजी, पाणी नाही प्यायलात?"

"पिते रे." आणि मग, "आपण कराड ओलांडलं का?"

त्यांचं माहेर कराडकडचं, हे प्रवासात कळलं होतं. जीभ जड होती, ओठांच्या कडा पांढऱ्या पडल्या होत्या.

साहेब आले. पुढे लोंगेवाला ठरलेलं. ४ आणि ५ डिसेंबर १९७१ च्या रात्री मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि २३ पंजाब बटालियनच्या तुकडीने जिथे पाकिस्तानी रणगाड्यांना थोपवून धरलं ती जागा. मोठा मुलगा त्यासाठीच आला होता. मी म्हणालो, लोंगेवाला नको, सरळ रामगडला दवाखान्यात जाऊ. साहेब म्हणाले, "दादा, ती प्रवासात झोपूनच असते. बोलते कधीकधी असं काहीतरी."

मी म्हणालो, "साहेब, दिवसाचे पैसे कापा, ऑफिसला तक्रार करा. गाडी आता रामगडला जाईल."

त्यांना राग आला, तो मला समजतो. गिऱ्हाईकापुढे ड्रायव्हरने असं बोलायचं नसतं. पण ताईंनी आजींच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. मग कोणी काही बोललं नाही.

ओआरएसची पाकिटं माझ्या डॅशबोर्डात असतात. त्यातही लोक घोळ घालतात. पाकीट लिटरभराचं असेल तर सगळं लिटरभर पाण्यातच टाकायचं, ग्लासात अर्धं टाकून चालत नाही. मेडिकलमधलं गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे. आजी शुद्धीत होत्या, गिळत होत्या, म्हणून ताई चमच्याचमच्याने देत राहिल्या आणि मी गाडी हाकत राहिलो.

रामगडच्या सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरने बीपी घेतलं, नाडी बघितली आणि पहिला प्रश्न विचारला, "माताजी ने आख़िरी बार पेशाब कब किया?"

मुलगा, सून दोघं एकमेकांकडे बघत राहिले. कोणालाच माहीत नव्हतं. मी सांगितलं, काल दुपारी ओसियाँला उतरल्या होत्या, त्यानंतर माझ्या गाडीतून त्यासाठी उतरलेल्या नाहीत, हॉटेलचं मला माहीत नाही. आपल्या माणसाबद्दलचं हे उत्तर ड्रायव्हरने द्यावं लागलं, ते साहेबांना फार लागलं. त्यांच्या चेहऱ्यावरून ते दिसत होतं. आईवर त्यांचा जीव आहे, यात मला शंका नाही. पण आई पाणी पिते का, हे बघायचं काम घरात कोणाचंच नव्हतं. सगळ्यांना पाणी देणारी तीच होती.

सलाइन लागलं, लघवीची गोळी त्या दिवसापुरती बंद केली. संध्याकाळपर्यंत आजी नीट बोलायला लागल्या. साहेब औषधं आणायला गेले तेव्हा मी पलंगापाशी बसलो होतो. विचारलं, का नाही प्यायलात?

"पाणी प्यायलं की जावं लागतं. त्या पंपावर कुलूप होतं, किल्ली मागायला गेलं तर चार माणसं बघत बसली. दुसऱ्या ठिकाणी बसायचं तसलं, माझे गुडघे वाकत नाहीत. आणि तू म्हणालास ना, अंधाराच्या आत पोचायचं. मग तुला कशाला थांबवू, बाळा?"

हेच मला सुटत नाही. अंधाराचा नियम बरोबर आहे, मी तो अजूनही पाळतो. आजींचा हिशेबही त्यांच्या जागी बरोबर होता. पेट्रोल पंपावर हवा, पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह फुकट मिळायला हवं, असा नियम आहे. हवेचा पाइप सगळीकडे समोर असतो. बायकांच्या स्वच्छतागृहाला मात्र कुलूप आणि किल्ली मॅनेजरच्या खिशात. पाणी न पिता प्रवास करणाऱ्या बायका मला प्रत्येक ट्रिपला दिसतात, तरुणसुद्धा.

आता दर दोन तासांनी मी कोणाला न विचारता गाडी थांबवतो. "कोणाला जायचंय का?" असं विचारलं की वयस्कर बाई नाहीच म्हणते. मी फक्त सांगतो, गाडी पंधरा मिनिटं उभी आहे. त्यासाठी दिवसातला एखादा पॉइंट गळतो, आणि तो गळणार हे सकाळीच सांगून टाकतो. पाली-जोधपूर-पोखरण रस्त्यावर कमोड असलेली, कुलूप नसलेली स्वच्छतागृहं कुठे आहेत त्याची यादी मी वहीत केली आहे. ऑफिसने ती ट्रिपच्या कागदावर छापावी, असं मी त्यांना सांगितलंय. त्यांचं म्हणणं, सहलीच्या पत्रकात असलं काही शोभत नाही. पुढच्या हंगामाच्या आधी मी परत जाऊन बसणार आहे त्यांच्याकडे.