बादली

लिस्बन, गुरुवार, १३ फेब्रुवारी

आई झोपली. अंगावर दोन ब्लँकेटं आणि त्यावर तिची घरची शाल. तरी पाय गार लागतात म्हणून मोजे घालूनच आडवी झाली. ताईच्या नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या घरात बाहेर शून्याच्या खाली असतानाही आत ऊब होती. इथे बाहेर तेरा-चौदा अंश आणि आतही जवळपास तेवढंच. या शहरातल्या जुन्या घरांत गरम हवेची सोय सहसा नसतेच. खोलीत एक छोटा विजेचा हीटर ठेवलाय, तो आईच्या पलंगाकडे वळवून ठेवला.

पत्त्याच्या शेवटी मजला आणि पुढे 'डावं' असं लिहिलं होतं. इथे पत्त्यात मजल्याबरोबर जिन्याच्या कुठल्या हाताचं दार तेही लिहायची पद्धत आहे. तिसरा मजला, डावं दार. तळमजला आपल्यासारखाच मोजत नाहीत, म्हणजे चढायचे पुरते तीन जिने. ज्या साइटवरून खोली घेतली तिथे लिफ्ट आहे असं स्पष्ट लिहिलं होतं. लिफ्ट नाही. आईचे गुडघे, तिचं वय अडुसष्ट. प्रत्येक वळणावर ती थांबत होती आणि मला स्वतःचा राग येत होता. अठ्ठावन्न युरोत शहराच्या मधोमध दोघींची खोली मिळतेय म्हणून मी पटकन पैसे भरून टाकले, आधी फोन करून विचारायला हवं होतं. दुसऱ्या मजल्यावर पोचलो तेव्हा वरून एक मुलगा धावत खाली आला, दोन्ही बॅगा उचलल्या आणि आईला म्हणाला, "आमा, बिस्तारै." हळूहळू. नेपाळचा आहे, रात्री काउंटरवर तोच असतो. हिंदी छान बोलतो.

मालकीणबाई साठीच्या पुढच्या असाव्यात. पासपोर्टवरची माहिती वहीत उतरवून घेतली, मग एक छापील कागद माझ्यापुढे सरकवला आणि बोट ठेवून म्हणाल्या, "पगार." मला काही कळेना. त्यांनी पुन्हा सावकाश म्हटलं, "पगार." कागदावर आकडा होता ३२. महापालिकेचा पर्यटक कर माणशी रात्रीला चार युरो, दोघी, चार रात्री. तेव्हा उलगडलं. पगार म्हणजे पैसे भरणे. महिन्याच्या एक तारखेला बाबांच्या तोंडून ऐकलेला शब्द जसाच्या तसा, त्याच आघातासकट, एका परक्या बाईच्या तोंडून आला.


शुक्रवार, १४ फेब्रुवारी

आजचं सगळं नीट लिहून ठेवायचंय.

शॉवरचं पाणी चार मिनिटं कढत येतं आणि मग एकदम गार. पाच खोल्यांना मिळून एकच बॉयलर आहे, आपल्या आधी कोणी अंघोळ केली असेल तर संपलंच. आईला एरवीही शॉवरखाली समाधान होत नाही. ताईकडे तीन आठवडे तिने तसंच निभावलं, बोलली नाही. आज मात्र म्हणाली, "पाणी गरम आहे तोवर भरून ठेवलं तर दोघींचं होईल. बादली आहे का बघ." मी मोबाइलवर भाषांतर शोधायला लागले. तेवढ्यात ती दार उघडून बाहेर गेलीसुद्धा.

मालकीणबाई बोळात चादरींच्या घड्या घालत होत्या. आईने सरळ मराठीत विचारलं, "बाई, एक बादली मिळेल का?" आणि हाताने गोल करून दाखवलं.

त्यांचे हात थांबले. "बाल्द?"

"बादली," आई म्हणाली.

"बाल्द, बाल्द!" असं म्हणत त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि निळी प्लॅस्टिकची बादली घेऊन आल्या. कडी तारेची, त्यावर पांढरी नळी चढवलेली, अगदी आपल्या वसईच्या मोरीतल्यासारखी. मग आईला जणू वाटच सापडली. तिने हात चोळून दाखवले, "साबण?" त्या म्हणाल्या, "सबांव." आईने माझ्या हातातली चावी घेऊन वर धरली. "चावी." त्या म्हणाल्या, "शाव." आईने खिडकीकडे बोट केलं, आणि इथे ती 'खिडकी' म्हणाली नाही. गोव्यात फोंड्याला मावशीकडे खिडकीला जे म्हणतात ते म्हणाली, "जनेल." मालकीणबाईंनी घडीची चादर खाली ठेवून दोन्ही हात गालांना लावले. "जनेला!" त्यानंतर त्या आईला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि एकेक वस्तू उचलून दाखवू लागल्या. बटाटा. काजू. टोपलीतला पाव, ज्याला त्या नाकातून 'पांव' म्हणतात. कोबीच्या जातीच्या हिरव्या पानांची जुडी होती, ती 'कोव्'. दोघींना एकमेकींचं एक वाक्य कळत नव्हतं आणि अर्धा तास बोलणं चाललं होतं. मी दाराशी मोबाइल हातात घेऊन उभी. मध्ये बोलावंसंच वाटलं नाही.

या शब्दांपैकी बरेच पोर्तुगीज आहेत हे शाळेत वाचलं होतं. पण पुस्तकात ती एक यादी असते. आईला अंघोळीला बादली हवी होती म्हणून तो शब्द आज कामाला आला, आणि ज्या घरातून निघाला होता तिथल्या बाईने तो ओळखला. ताईच्या ऑफिसने एकदा आम्हाला मोठ्या हॉटेलात उतरवलं होतं. तिथे टॉवेल, साबण, केटल, सगळं आधीच मांडलेलं. तीन दिवसांत आईला कोणाकडे काही मागायची वेळ आली नाही, आणि त्या तीन दिवसांत ती माझ्याशिवाय कोणाशी एक शब्द बोलली नाही.

आणि ते 'शाव'. आज लिस्बनमध्ये 'च'चा 'श' झालाय, चहालाही हे लोक 'शा' म्हणतात. पण सोळाव्या शतकात गलबतांतून आपल्या किनाऱ्यावर उतरलेले लोक 'च'च म्हणत. त्यांच्या राजधानीतल्या जिभेवरून तो 'च' पुढे गेला. आपल्या चावीत मात्र राहिला. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग जुनी चावी आपल्याकडे आहे."


शनिवार, १५ फेब्रुवारी

सकाळपासून पाऊस. इथले पदपथ छोट्या छोट्या चुनखडीच्या दगडांचे, पांढऱ्यात काळी नक्षी, आणि ओले झाले की तुळतुळीत. रोसिओ चौकात तर लाटांची नक्षी आहे, त्यावरून आई माझा दंड घट्ट धरून चालली.

आमचा हा भाग, बायशा, सगळा एकाच वेळी बांधलेला आहे. १ नोव्हेंबर १७५५ ला सकाळी, सर्व संतांच्या सणाला चर्चं भरलेली असताना भूकंप झाला. मागोमाग समुद्र नदीच्या मुखातून आत आला, आणि उरलं ते आगीत गेलं. मग राजाचे मंत्री मार्किश द पोंबाल यांनी सरळ रेघांत रस्ते आखून नवं शहर उभारलं. रस्त्यांना धंद्यांची नावं दिली. सोनं, चांदी, चांभार, कापडवाले. आपल्याकडच्या तांबट आळी, कासार आळीसारखंच. आणि भिंतींच्या आत लाकडाचा सांगाडा घातला, तिरप्या तुळयांच्या फुल्या मारलेला. त्याला 'पिंजरा' म्हणतात. नमुन्याचा पिंजरा उभा करून त्याच्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालायला लावलं होतं, धक्का सोसतो का ते बघायला.

आमच्या खोलीत पलंगामागे भिंतीचा हातभर तुकडा गिलावा न करता सोडलाय, त्यातून अशी एक फुली दिसते. लाकूड काळपट, एके ठिकाणी घडीव लोखंडी खिळ्याचं डोकं. आईने त्यावर तळवा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. १९६७ साली कोयनेचा भूकंप झाला त्या पहाटे वसईतही मांडणीवरची भांडी वाजली होती, आजोबांनी तिला उचलून अंगणात आणलं होतं, तेव्हा ती दहा वर्षांची. "घर पडलं नाही, पण मला कित्येक दिवस आत झोप येईना," एवढंच बोलली.

दुपारी कार्मोच्या मठात गेलो. भूकंपात छप्पर पडलं ते पुन्हा पुरं झालंच नाही. दगडी कमानी उभ्या आणि वर उघडं आभाळ, त्यातून पाऊस थेट गवतावर. आई दारातच म्हणाली, "हा तर आपला किल्ला." वसईच्या किल्ल्यातली बिनछपराची चर्चं ती लहानपणापासून बघत आली आहे. जमिनीतल्या थडग्यांच्या फरशांवरून खेळली आहे. तिथलं काही १७३९ च्या लढाईत गेलं, बाकीचं नंतरच्या दुर्लक्षाने. इथलं भूकंपाने. कमानींची ठेवण मात्र एकच.


रविवार, १६ फेब्रुवारी

लिस्बनच्याच बेलें भागात जाऊन आलो. तिथल्या जेरोनिमोस मठाचं काम फार सुंदर आहे, दगडात दोरखंड, पानं, समुद्रातले जीव कोरलेले. ते मिरी-मसाल्याच्या व्यापारावरच्या करातून उभं राहिलं. आत शिरल्यावर लगेच वास्को द गामाची कबर आहे. लोक फोटो काढत होते. आई थोडी लांबच उभी राहिली. मला काय वाटलं ते मी स्पष्ट लिहिते. परवा स्वयंपाकघरात जे झालं त्याने माझं मन भरून आलं होतं, पण ते शब्द आपल्याकडे पाहुणे म्हणून आले नाहीत. किल्ले, तोफा आणि गोव्यातलं इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, यांच्या बरोबरीने आले. मावशीच्या सासरचं कुलदैवत त्या काळात रात्रीतून नदीपलीकडे न्यावं लागलं, ही गोष्ट त्या घरात आजही सांगतात. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी पुसली जात नाही. मालकीणबाईंनी यातलं काही केलेलं नाही, आणि ज्याने या सगळ्याची समुद्रवाट उघडली त्याची कबर बघून मला हात जोडावेसे वाटले नाहीत.

परतल्यावर मालकीणबाईंनी वाडगाभर काल्दु व्हेर्द दिलं, बटाट्याचं दाट सूप, त्यात बारीक चिरलेली ती हिरवी पानं. यात एरवी सॉसेजची चकती असते, आई खात नाही हे लक्षात ठेवून वेगळं काढलं होतं. आईने वरून ताईने दिलेल्या डब्यातली लसणाची चटणी घातली आणि मालकीणबाईंनाही चिमूटभर चाखवली. त्यांनी ती पावाबरोबर मागून घेतली.

रात्री त्या नेपाळी मुलाशी बोलत बसलो. एका खोलीत पाच जण राहतात, घरभाडी फार वाढली आहेत. आईला दोन वर्षं भेटलेला नाही. आई त्याच्याशी बोलताना सारखी त्याच्या स्वेटरच्या उसवलेल्या बाहीकडे बघत होती. शेवटी सुईदोरा काढलाच.


सोमवार, १७ फेब्रुवारी, विमानतळ

विमान लवकरचं, मेट्रो सुरू व्हायच्या आधीच निघावं लागलं. पहाटे साडेचारला मी बॅगेची चेन लावत होते तेव्हा आई मोरीत काहीतरी घासत होती. बादली. आतून बाहेरून स्वच्छ धुतली, पाणी निथळायला पालथी घातली, कडी एका बाजूला पाडून ठेवली. घरी रोज ठेवते तशी.

न्याहारी आठला असते, म्हणून काउंटरवर आमच्यासाठी कागदाची पिशवी ठेवलेली होती. आत लोणी लावलेले दोन पाव आणि दोन संत्री. मालकीणबाई झोपलेल्या होत्या. आईने चावी त्या मुलाच्या हातात दिली आणि त्याला सांगितलं, "त्यांना म्हणावं, बादली धुऊन ठेवली आहे."

तीन जिने उतरायला आम्हाला दहा मिनिटं लागली. खाली टॅक्सी थांबली होती. पाव अजून कोमट होता.