कथबर्टच्या वाटेवर

स्कॉटलंडमधल्या मेलरोजचा पडका मठ पाहून लोक तिथेच संत कथबर्टला, सातव्या शतकातल्या ख्रिस्ती भिक्षूला, हात जोडतात. पण तो मठ ११३६ सालचा आणि कथबर्ट त्याच्याही साडेचारशे वर्षं आधीचा. त्याचं मेलरोज थोडं पूर्वेला, ट्वीड नदीच्या वळणात होतं.

इ.स. ६५१. हा पोरगा मेंढ्या राखत होता. रात्री त्याला देवदूत कुणाचा तरी आत्मा वर नेताना दिसले. सकाळी कळलं, लिंडिसफार्नच्या मठाचे बिशप एडन वारले. त्यानं मेंढ्या मालकाच्या स्वाधीन केल्या आणि मठाची वाट धरली.

त्याच्या नावाची पायवाट मी चाललो: मेलरोज ते इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचं लिंडिसफार्न बेट, शंभर किलोमीटर. आयल्डनच्या टेकड्यांनी पहिल्याच सकाळी पोटऱ्या भरल्या. पुढचं सेंट बॉसवेल्स हे गाव त्याच्या गुरूच्या, बॉइसिलच्या नावाचं. साथीत अंथरुणाला खिळलेल्या या गुरूनं आपल्याला सातच दिवस उरलेत हे ओळखून शिष्याबरोबर योहानाचं शुभवर्तमान वाचून संपवलं. चेव्हिएट डोंगरात स्कॉटलंडची हद्द सुटते. तिथला वारा! छत्री काढायची सोयच नाही.

चालता चालता मला सारखं वाटत होतं, या माणसाला कुणी एकटं राहूच दिलं नाही. ६७६ मध्ये तो लिंडिसफार्नजवळच्या इनर फार्न या छोट्या बेटावर जाऊन राहिला. भोवती इतकी उंच भिंत बांधली की आतून फक्त आकाश दिसावं. जव पेरून पोट भरायचा. तिथेही नॉर्थम्ब्रियाचा राजा एक्गफ्रिथ स्वतः होडीत बसून आला, विनवण्या करून ६८५ मध्ये त्याला बिशप केलं. दोन वर्षंही झाली नाहीत, तोच तो फार्नवर परतला आणि मार्च ६८७ मध्ये तिथेच गेला.

मेल्यावरही सुटका नाही. ८७५ मध्ये व्हायकिंगांच्या भयानं भिक्षू त्याची शवपेटी खांद्यावर घेऊन निघाले आणि सात वर्षं हिंडले. आपल्या पालखीत पादुका असतात; इथे खुद्द संतच चालले होते.

शेवटचे पाच किलोमीटर ओहोटीच्या वाळूतून, खांबांच्या रांगेनं, अनवाणी. भरतीचं वेळापत्रक पाहिल्याशिवाय तिथे पाऊल टाकू नये. चुकलेल्यांसाठी खांबांवर मचाणं बांधली आहेत.

बेटावर त्याची समाधी मात्र नाही. ती ९९५ पासून दक्षिणेकडच्या डरॅम शहरात. पेटीवाले पायी हिंडले होते. मी बेरिकहून रेल्वेनं गेलो.