कोर्स झाला, आता लायसन्स कुठे काढायचं?

विचारणारी कधी म्हापशाची असते, कधी डिचोलीची. कधी तिच्याऐवजी आईच फोन करते. "ताई, आमच्या बायनं न्यूट्रिशन आणि हेल्थ कोचिंगचा ऑनलाइन कोर्स पुरा केला. सर्टिफिकेट आलं. आता लायसन्स कुठे काढायचं?" मी फोंड्याला आहारतज्ज्ञ म्हणून बसते, त्यामुळे मला ठाऊक असणार, असा सगळ्यांचा समज.

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हेल्थ कोचसाठी वेगळं सरकारी लायसन्स आपल्याकडे नाही. आईला आधी हायसं वाटतं, मग काळजी वाटते. दोन्ही बरोबरच.

डायटिशियनचं तसं नाही. 2021 साली केंद्रानं अलाइड अँड हेल्थकेअर व्यवसायांचा, म्हणजे डॉक्टर-नर्स सोडून आरोग्यसेवेतल्या इतर व्यवसायांचा, कायदा केला. त्याच्या यादीत डायटिशियन आणि न्यूट्रिशनिस्ट दोन्ही आहेत, आणि व्यवसाय करायचा तर रजिस्टरात नाव हवं, अशी त्यात तरतूद आहे. अंमलबजावणी सगळ्या राज्यांत सारख्या वेगानं चाललेली नाही, पण म्हणून पाटीवर बिनधास्त 'न्यूट्रिशनिस्ट' लिहावं असं मी तरी सांगणार नाही. शिवाय 2025 च्या जुलै-ऑगस्टच्या प्रवेशांपासून यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, या कायद्याखालचे विद्यापीठीय अभ्यासक्रम ऑनलाइन आणि दूरशिक्षणानं चालवायला मनाई केली आहे. फी भरण्याआधी एवढं तरी बघा.

इंडियन डायटेटिक असोसिएशनचं 'आर. डी.', म्हणजे 'रजिस्टर्ड डायटिशियन', हे आणखी वेगळं. ती व्यावसायिक संघटनेची परीक्षा; तिला बसायला आहारशास्त्रातलं पदव्युत्तर शिक्षण आणि इस्पितळातली इंटर्नशिप लागते. तीन महिन्यांच्या कोर्सवर तिथे प्रवेश नाही.

आणि ते 'आंतरराष्ट्रीय मान्यता'? बहुतेक जाहिरातींत एवढंच लिहितात, कोणाची मान्यता ते लिहीत नाहीत. मला या शब्दाची चीड आहे. अमेरिकेत एनबीएचडब्ल्यूसी नावाचं बोर्ड 2017 पासून कोचची परीक्षा घेतं. तिला बसायला त्यांनी मान्य केलेला कोर्स लागतो आणि प्रत्यक्ष कोचिंगची 50 सत्रंही. परीक्षा चांगली आहे, जरूर द्या. पण ती पास झालात म्हणून गोव्यात रुग्णाला आहार लिहून द्यायचा अधिकार मिळत नाही. तिकडेही कोच स्वतःच्या जोरावर निदान करत नाही.

हे मी एवढं ताणून का सांगते? एक कागद बघा. वजन कमी करायचा तक्ता, छान रंगीत: सकाळी शहाळं, दुपारी भरपूर पालेभाजी, संध्याकाळी पोई, म्हणजे आमचा गोव्याचा पाव, बंद. निरोगी माणसाला यात काही वावगं नाही. पण हाच कागद किडनी निकामी होत आलेल्या माणसाच्या हातात गेला, तर शहाळ्यातलं पोटॅशियम त्याच्या रक्तात साचतं आणि हृदयाची लय बिघडू शकते. इन्सुलिन घेणाऱ्यानं डोस तोच ठेवून पोई तेवढी सोडली, तर साखर धाडकन खाली येते. तक्ता करणारीनं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, विचारलेलं नसतं, कारण कोर्समध्ये ते शिकवलेलंच नसतं.

मग कोचनं करायचं काय? भरपूर काही. डॉक्टर किंवा डायटिशियननं सांगितलेलं घरात प्रत्यक्ष कसं उतरवायचं, हे आमच्या पंधरा मिनिटांत बसत नाही. शीत, म्हणजे भात, कमी करा म्हटलं की बाई मान डोलावते. पण घरी सासूच वाढते, आणि ताटात शीत कमी दिसलं की रुसते, हे मला तिसऱ्या भेटीत कळतं. चांगल्या कोचला ते पहिल्याच दिवशी कळतं. तिथं सर्टिफिकेटाचं काम नाही, ऐकायची सवय लागते.

तेव्हा बायला सांगा: कार्डावर 'हेल्थ कोच' लिही, खाली कोर्सचं आणि संस्थेचं नाव पूर्ण लिही. पहिल्या भेटीत औषधं आणि रिपोर्ट विचार. मधुमेह, किडनी, गरोदरपण यांतलं काही निघालं तर आधी डॉक्टर-डायटिशियनकडे पाठव. आणि खरंच आहार लिहून द्यायचा असेल, तर बीएस्सीपासूनची वाट धर. वर्षं जातील. फी मात्र त्या ऑनलाइन कोर्सपेक्षा कमीही पडेल, चौकशी करून बघा.