बाकदार पातं

गॅलरीतली बाग बहुतेक घरांत जुन्या चमच्याने सुरू होते. चमचा वाकतो, मग उलथनं येतं, तेही वाकतं, आणि एका दुपारी नर्सरीतून हिरव्या प्लास्टिक मुठींचा तीन अवजारांचा संच येतो. त्यातल्या पंजाला कुणी फारसं विचारत नाही. खोरणं पत्र्याचं असतं, त्यामुळे पहिल्याच घट्ट कुंडीत ते मानेपाशी दुमडतं.

त्यापेक्षा आठवडी बाजारात जाऊन लोहाराकडचं खुरपं घ्यावं. ट्रकच्या कमानपाट्याचं असेल तर उत्तमच. पातं साधारण सहा इंच, मानेपाशी जाड आणि धारेकडे पातळ होत गेलेलं हवं. पात्याची शेपूट, म्हणजे मुठीत जाणारं निमुळतं टोक, आरपार नेऊन मागे वळवलेली दिसली, तर घासाघीस न करता घेऊन टाकावं. मुठीच्या तोंडाशी लोखंडी कडं पाहिजेच, नाहीतर बाभळीची मूठसुद्धा उन्हाळ्यात चिरते. मूठ धरल्यावर अंगठा मधल्या बोटाला टेकला पाहिजे. डावखुऱ्यांनी आधीच सांगावं, कारण बाक आणि धार दोन्ही उजव्या हाताच्या हिशेबाने असतात.

हल्ली जपानी होरी-होरीचं कौतुक फार आहे, आणि ते खोटं नाही. सरळ, किंचित खोलगट पातं, एका कडेला करवतीचे दात, वर खोली मोजायच्या खुणा. कुंडीत गच्च झालेली मुळं कापायला किंवा निशिगंधाचे कंद सारख्या खोलीवर लावायला ती बेस्ट. पण गवत काढताना खुरप्याचा बाक आठवतो. सरळ पात्यावरून मूळ निसटतं. खुणांचाच मोह असेल, तर कानशीने खुरप्याच्या पाठीवर इंचाइंचावर चरे पाडता येतात.

खुरपं चालवायचं ते वाफशावर. काळी माती ओली असेल तर पात्याला थापून बसते आणि वाळली तर दगड होते. मधले एक-दोन दिवसच आपले. पातं जवळजवळ आडवं ठेवून, मातीखाली अर्धा-एक इंच, स्वतःकडे ओढायचं. वार्षिक तणांना एवढं पुरतं. लव्हाळ्याला नाही. तो उपटला की पाती हातात येते आणि गाठ खाली हसत राहते. त्याच्या शेजारी पातं उभं, मुठीपर्यंत घालून माती सैल करायची आणि गाठीसकट सावकाश उचलायचं. हरळीचे तुकडे करू नयेत, प्रत्येक पेराला पुन्हा फूट येते. आणि खुरप्याने दगड उचकटायचा नाही. त्यासाठी पहार असते.

धार कानशीने, एकाच बाजूने लावावी, फार बारीक नको. खडीवर लगेच मुडपते. ग्राइंडरवर पातं निळं पडलं की लोहाराने दिलेलं पाणी, म्हणजे पात्याचा टणकपणा, उतरलं समजा. सैल मूठ रात्रभर पाण्यात ठेवायची युक्ती सगळ्यांना ठाऊक आहे. लाकूड फुगतं, मूठ बसते, वाळली की पुन्हा हलते, शिवाय आतली शेपूट गंजते. खरा उपाय म्हणजे पात्याला ओलं फडकं गुंडाळून फक्त शेपूट लालसर तापवायची आणि मुठीत ठोकायची. धुराने डोळे चुरचुरतात, तेवढं सोसावं.

हे सगळे लाड रविवारच्या बागेचे. खुरपणीला जाणाऱ्या बाया दिवसभर उकिडव्या बसून, सरीमागून सरी, याच पात्यावर रोज कमावतात. खुरपं स्वतःचं, घरून आणलेलं. मुठीला चिंधी गुंडाळलेली, पातं झिजून निम्म्यावर आलेलं, आणि म्हणूनच हलकं. नव्याच्या बदल्यात मागितलं तरी त्या देत नाहीत.