तुम्ही विचारलंत म्हणून: हो, आमच्या क्लासला कणीक लागते

"एम्ब्रिऑलॉजी? आणि ती पण ऑनलाइन? कशी काय शिकवता हो मॅडम?" हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारलाय, बँकेच्या रांगेत विचारलाय, जुने सहकारी तर भेटले की पहिला हाच विचारतात. मावशीचा प्रश्न अजून सोपा, "पोटातलं बाळ कॉम्प्युटरवर कसं गं शिकवतेस?" आणि मुलांचा ठरलेला, "मॅम, यूट्यूबवर इतकी भारी थ्रीडी ॲनिमेशन्स आहेत, आपण नाडी का आणायची?"

तर एकदाच नीट सांगते.

मी मेडिकल कॉलेजात ॲनाटॉमी शिकवायचे. दीडशे मुलांचा हॉल, पांढऱ्या फळ्यावर निळा, लाल, पिवळा मार्कर. गर्भाचे तीन थर असतात, निळा एक्टोडर्म म्हणजे वरचा, लाल मेसोडर्म मधला, पिवळा एंडोडर्म खालचा, जगभरच्या पुस्तकांत साधारण हेच रंग. मी सुंदर आकृती काढायचे, मुलं त्याहून सुंदर उतरवून घ्यायची आणि व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, विचारलं की "बाळा, हा काप नेमका कुठून घेतलाय?" की संपलं. कारण आकृती थांबलेली असते आणि गर्भ एक क्षण थांबत नाही. सपाट चकती तिसऱ्या आठवड्यात तीन थरांची होते, चौथ्यात सगळ्या बाजूंनी दुमडते आणि तिचा माणसासारखा नळकांडी आकार होतो, हे दुमडणं ज्याला दिसलं त्याला पुढचा विषय निम्मा आला. ज्याला नाही दिसलं तो पाठ करतो बिचारा.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये झूमवर आले तेव्हा मीही आधी ॲनिमेशनच लावलं. फुकटच्या झूमची चाळीस मिनिटं, मुलं गप्प, शेवटी चॅटमध्ये "समझ गया मॅम", "क्लिअर मॅम". दुसऱ्या दिवशी विचारलं तर कुणालाच काही सांगता येईना. ॲनिमेशनचं असंच असतं, बघताना सगळं कळतं.

मग एकदा वैतागून म्हटलं, उठा सगळे, स्वयंपाकघरात जा आणि मूठभर कणीक घेऊन या. तिथून गाडी रुळावर आली. बघा ना, हॉलमध्ये दीडशे पोरांना दीडशे गोळे कुठून देणार होते मी, पण आता प्रत्येकाच्या मागे एक अख्खं स्वयंपाकघर होतं! हळद घातली की एंडोडर्म, बीट किसून पिळलं की मेसोडर्म. निळ्याची पंचाईत, तर एका पोरीने कणकेत कपड्यांची नीळ घातली आणि मागून तिच्या आईचा जो आवाज आला तो सगळ्या बॅचने ऐकला. तेव्हापासून एक्टोडर्म पांढरा.

तीन लंबगोल पोळ्या एकावर एक ठेवायच्या, पांढरी वर, लाल मध्ये, पिवळी खाली. आता लाल थरात डोक्याकडच्या अगदी कडेला एक भिजवलेला हरभरा दाबायचा. ते हृदय. मुलं लगेच म्हणतात, मॅम चुकलं, हृदय डोक्याच्या पुढे कसं असेल? असतं बाबांनो, सुरुवातीला तिथेच असतं. आता डोक्याकडची कड खाली दुमडा. हरभरा गपकन खाली येतो आणि छातीशी जाऊन बसतो. बाजूच्या कडा पण खाली वळवून पोटाशी आणा, पिवळा थर आत अडकला, झालं आतडं, पांढरा बाहेर राहिला, ती त्वचा. मग दोऱ्याने कापा, हवा तिथे. पुस्तकातला काप हातात येतो आणि कुठून घेतलाय ते वेगळं सांगावं लागत नाही, कारण कापलाय तुम्हीच.

कॅमेरा मी चेहऱ्यावर नाही ठेवायला सांगत, हातांवर ठेवायला सांगते. एक तर होस्टेलच्या मुलींना बरं वाटतं, केस विंचरायला नको. आणि दुसरं म्हणजे चेहरे उगाच माना हलवतात. हात थांबले की मला लगेच कळतं कोण हरवलंय.

न्यूरल ट्यूबला, म्हणजे जिच्यातून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होतात त्या नळीला, मी करंजी करायला लावते. पाठीवरच्या दोन कडा उचलायच्या, मध्ये मानेपाशी चिकटवायच्या आणि तिथून दोन्ही टोकांकडे मुरड घालत जायचं. डोक्याकडचं तोंड साधारण २५ व्या दिवशी बंद होतं, शेपटीकडचं २८ व्या. पहिल्या वर्षी मी इथे हसत हसत म्हणायचे, मुरड नीट नाही पडली की करंजी तेलात फुटते, सारण बाहेर, तसंच हे. मुलं हसायची. एकदा एक चौकोन काळा झाला. मला वाटलं नेट गेलं. रात्री तिचा मेसेज आला, मॅम माझ्या ताईचं बाळ असंच होतं, नवव्या दिवशी गेलं, मला फक्त विचारायचंय की ताईने काय चुकीचं केलं होतं का.

मी तिला फोन केला. ताईने काही केलं नव्हतं. पाळी चुकते तेव्हा गर्भ जेमतेम दोन आठवड्यांचा असतो, मग थोडे दिवस वाट बघण्यात, टेस्ट करण्यात, डॉक्टरांची वेळ मिळण्यात जातात, तोवर २८ दिवस होऊन पण गेलेले असतात. म्हणून तर फॉलिक ॲसिड दिवस राहायच्या आधीपासून, निदान महिनाभर आधी, रोज ४०० मायक्रोग्रॅम घ्यायला सांगतात, आणि ज्यांना आधी असं बाळ झालंय त्यांना डॉक्टर याच्या दहापट देतात. १९९१ साली ब्रिटनच्या पुढाकाराने झालेल्या मोठ्या ट्रायलमध्ये त्या डोसने पुन्हा असं होण्याचं प्रमाण सुमारे ७२ टक्क्यांनी कमी झालं होतं. हे मी आधीही शिकवत होतेच, पण शेवटच्या स्लाइडवर, घाईत. आता मुरड घालतानाच सांगते. करंजी अजून आहे, तेल काढून टाकलं.

आता नाडी. पायजम्याची. सहाव्या आठवड्यात आतड्याचा वेटोळा पोटात मावेना म्हणून नाळेत जातो आणि दहाव्याच्या सुमारास परत येतो, आणि या जाण्यायेण्यात घड्याळाच्या उलट दिशेने एकूण २७० अंश फिरतो, ९० जाताना, १८० येताना. मध्ये बोट धरायचं, ती सुपीरिअर मेसेंटेरिक आर्टरी, आतड्याला रक्त देणारी धमनी, तिच्याभोवती नाडी फिरवायची. नाडीला एक गाठ मारायची, ती सीकम, म्हणजे मोठ्या आतड्याची सुरुवात, जिथे अपेंडिक्स असतं, सगळ्यात शेवटी परत येणार. मी स्वतःच्या पोटासमोर नाडी धरून, स्क्रीनवर स्वतःकडे बघत, घड्याळाच्या उलट अशी मस्त फिरवली आणि विचारलं, काय, कुठे आलं अपेंडिक्स? तर म्हणे मॅम, डावीकडे. सगळ्यांचं डावीकडे! झालं असं की झूमवर मी स्वतःला आरशातल्यासारखी दिसते आणि मुलांना सरळ दिसते, म्हणजे मला जे उलट वाटत होतं ते त्यांना घड्याळासारखं सुलट दिसलं. बत्तीस वर्षं शिकवून पोरांची आतडी मी उलटी फिरवली. मग काय, म्हटलं ठीक आहे, सगळे अवयव आरशातल्यासारखे असणारी माणसं खरंच असतात, तो चॅप्टर आजच घेऊ. आता भिंतीवरचं घड्याळ काढून मांडीवर ठेवते.

मेडिकलच्या मुलांबरोबर बीएस्सी झूलॉजीची मुलं पण बसतात, एकत्र बॅच. मेडिकलवाल्यांना "परीक्षेला येतं का" एवढंच हवं असतं, झूलॉजीवाले "पण का" विचारतात, आणि खरं सांगू, मला दुसरे जास्त आवडतात. त्यांना ३३ तासांचा चिक एम्ब्रिओ, म्हणजे कोंबडीच्या अंड्यातला गर्भ, स्लाइडवर बघायचा असतो आणि तो मी ऑनलाइन दाखवू शकत नाही, फोटो दाखवते, पण मायक्रोस्कोपचा स्क्रू फिरवून स्वतः फोकस करण्याची सर त्याला नाही. म्युझियममधल्या बरण्या, तो फॉर्मॅलिनचा वास, हे पण नाही. त्यावर माझ्याकडे काही उपाय नाही, कॉलेजलाच जायला हवं.

पण एका मुलाच्या घरी खुडूक कोंबडी बसली होती. दुकानातल्या अंड्याचा काही उपयोग नाही, तिथे कोंबडा नसतो. ही गावरान. पाचव्या दिवशी रात्री त्याने गोठ्यात अंधार केला, मोबाइलचा टॉर्च अंड्याखाली धरला, दुसऱ्या मोबाइलवर आम्ही सगळे. कोंबडीने आधी त्याचा हात फोडला. मग अंडं नारंगी उजळलं आणि आत लाल कोळ्यासारखं जाळं, मध्ये गडद ठिपका. त्याचे वडील मागून म्हणाले, "अरे ठेव आता, गार होईल." त्याने घाईघाईने अंडं परत सरकवलं, कॅमेरा हलला, जमीन दिसली, नेट गेलं. एकविसाव्या दिवशी सकाळी सहाला ग्रुपवर त्याचा फक्त आवाज आला, रेकॉर्ड केलेला, अकरा सेकंद. चिवचिव.

बाकी मावशीला एवढंच सांगितलंय, कॉम्प्युटरवर नाही गं, कणकेवर शिकवते. ती म्हणाली मग पोळ्या तरी कर त्याच्या.